इंग्रजी शब्द पाठ आहेत, पण जोड्या जमत नाहीत

खानापूरची_मुलगी:
नमस्कार. बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात एम.ए. अर्थशास्त्र. शब्द अर्थासकट येतात, पण लिहिताना कोणत्या नामाला कोणतं क्रियापद लावायचं तिथे अडतं. 'रिसर्च'ला 'डू' की 'मेक'? पाठांतराशिवाय वाट आहे का?

टिळकवाडीकर:
'डू' किंवा 'कंडक्ट'. 'मेक' नाही.
बाळ, नवस बोलतात आणि फेडतात, हे तुला कुणी शिकवलं नाही. कानावर पडत गेलं. आपल्या भागात मराठी-कन्नड दिवसभर कानावर पडतं, इंग्रजी तेवढं नाही, म्हणून ते वाचनातून मुद्दाम उचलावं लागतं. तुझ्याच विषयाचा लेख घे. महत्त्वाचं नाम दिसलं की शेजारचं क्रियापद, विशेषणही वहीत उतरव: 'पोझ अ थ्रेट', 'रीच अ कन्क्लूजन', 'स्टीप डिक्लाइन'. सुटा शब्द लिहूच नकोस. आठवड्याला थोड्याच जोड्या घे, पण त्या स्वतःच्या वाक्यात वापर. मी वर्गात हेच करून घेतो आणि मुलांच्या लेखनात फरक दिसतो.

निपाणीची_वाचक:
ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची शैक्षणिक शब्दयादी ५७० शब्दकुळांची (मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक कुळ) आहे. पायाला उत्तम, पण शब्द सुटे. जोड्यांसाठी ऑक्सफर्डचा कोलोकेशन कोश बघ की. नामाखाली विशेषणं, क्रियापदं गटागटाने दिलेली असतात.

खानापूरची_मुलगी:
आभारी आहे, सर, ताई. माझा प्रकल्प उसाच्या दरावर आहे. दर वाढले तर 'राइज' की 'ग्रो'?

टिळकवाडीकर:
'प्राइसेस राइज'. झपाट्याने वाढले तर 'सोअर'. 'ग्रो' उत्पन्नाला, मागणीला लाव.