बहिणीला निम्मं द्यायचं, पण निम्मं कशाचं?

अक्कलकोट रोडवाला:
नात्यातला एक यंत्रमाग कारखाना आहे, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेल निघतात. काका वारले त्याला नऊ वर्षं झाली, मृत्युपत्र नाही, काकू त्यांच्या आधीच गेल्या. मागे एक मुलगा, एक मुलगी. मुलगा बारावीपासून कारखान्यातच, मुलगी लग्न होऊन पुण्याला. आता ती म्हणते कारखाना 90 लाखाचा आहे, माझे 45 द्या. भाऊ म्हणतो राबलो मी, तुला पाच-दहा लाख देतो, हक्कसोडपत्रावर सही कर. आणि मला मधे पंच म्हणून बसवलंय.

माझं मत, दोघंही चुकतायत. निम्मा वाटा तिचाच, त्यात वाद नाही. पण 90 लाख ही नुसती मालमत्ता झाली, इक्विटी, म्हणजे देणी वजा जाऊन मालकाचं उरतं ते, नाही झाली. बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट) आणि टर्म लोन मिळून 34 लाख, सूतवाल्याचे 6 लाख द्यायचेत, गिऱ्हाइकांकडून 10 लाख यायचेत. राहिले 60. आणि त्यातून आधी भावाचा नऊ वर्षांचा पगार काढा. त्याच्या जागी मॅनेजर ठेवला असता तर महिना 20 हजार तरी घेतलेच असते, त्याचे झाले 21 लाख 60 हजार, ते कारखान्यावरचं देणं धरायचं. कंपनी बुडाली तरी हेच होतं, आधी बँक, कामगार, सरकार, सगळ्यांची देणी भागवायची आणि शेअरवाला एकदम शेवटी. उरले 38 लाख 40 हजार, त्यातले 19 लाख 20 हजार बहिणीचे. हिस्सा समान आणि कष्टाचाही हिशोब झाला. आता बोला.

कडक भाकरी:
काय बे, 19 लाख पण कशाला? नऊ वर्षं ती कुठं होती? गड्ड्याच्या जत्रेला यायची, चार चादरी आणि शेंगाची चटणी घेऊन परत जायची. जीएसटी आला तेव्हा वह्या घेऊन कोण पळत होतं, लॉकडाऊनमधे माग बंद असताना बँकेचे फोन कोण घेत होतं? भावानं कारखाना बंद केला असता ना, तर ते माग भंगारात किलोवर गेले असते. आज जी किंमत दिसूलाली ती त्याच्यामुळं दिसूलाली. शेअरवाल्या कंपन्यांत पण काम करणाऱ्याला स्वेट इक्विटी, म्हणजे कष्टाच्या बदल्यात शेअर, देतात, तसा कायदाच आहे 2013 च्या कंपनी कायद्यात. मग इथं घामाला काय किंमत नाही का? आणि तिच्या लग्नात काकांनी कमी घातलं का, ते कोण धरणार?

पूर्वभागातली अक्का:
लग्नात घातलं ते धरायचं म्हणजे नेमकं काय धरायचं दादा? मंडप, जेवण का सोनं-हुंडा? हुंडा देणं-घेणं 1961 पासून गुन्हा आहे, आणि तुम्ही तो वाटणीच्या कागदावर ॲडव्हान्स म्हणून दाखवणार? दाखवा, सही पण करा खाली. भावाच्या लग्नाचा खर्च पण मग दुसऱ्या बाजूला मांडा.

आणि घामाचं निघालंय म्हणून सांगते. आमच्या पूर्व भागात कितीतरी घरात पहिला माग आला तो बायकांच्या विड्यांवर आलाय. आई आणि पोरी घरी बसून पानं कापायच्या, विड्या वळायच्या, मजुरी हजारावर मिळायची, शाळेतून आलं की सूप मांडीवर. त्या पैशात घर चालायचं म्हणून बापाला कमाई मागात घालता यायची. या केसमधल्या काकूंनी आणि त्या मुलीनं वळल्या का ते पंचांनी विचारलं का? की घाम फक्त शेडमधे आलेलाच मोजायचा?

अक्कलकोट रोडवाला:
वळल्यात. काकूंचा विडीचा पीएफ सुद्धा होता. पण त्याचा हिशोब आता कसा लावायचा?

पूर्वभागातली अक्का:
मग भावाच्या नऊ वर्षांचा कसा लावलात? तुमच्याकडं 20 हजाराचा आकडा होता कारण मॅनेजरचा पगार माहितीय. विड्यांची हजारी पण माहिती असते, विचारलं तर कोणीपण सांगतं.

कोर्टाची पायरी:
मी वकील नाही, वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करतो, त्यामुळं हे फुकटचं ज्ञान. सगळे 2005, 2005 करतात. हिंदू वारसा कायद्यातली 2005 ची दुरुस्ती आणि सुप्रीम कोर्टाचा 2020 चा विनीता शर्मा निकाल हे वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मापासून हक्क आहे त्याबद्दल. महाराष्ट्रात तर तशी दुरुस्ती 1994 लाच झाली होती, फक्त तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरती. पण काकांनी स्वतः कमावलेला कारखाना असेल आणि मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगी 1956 पासून मुलाइतकीच वारस आहे. त्यामुळं भावाचे पाच-दहा लाख कायद्यात कुठं बसतच नाहीत, ती आपल्या खुशीनं सोडत असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरं म्हणजे, इक्विटीच्या (ताळेबंदातली नाही, कोर्टातली, म्हणजे समन्याय) नावाखाली हिस्सा थोडा इकडंतिकडं करता येईल असं इथं वाटायलंय काही जणांना. नाही करता येत. इंग्लंडात पूर्वी कायद्याची कोर्टं वेगळी आणि चान्सलरचं इक्विटीचं कोर्ट वेगळं, दोघांची भांडणं, 1616 ला राजानं चान्सलरच्या बाजूनं कौल दिला आणि पुढं 1870 च्या दशकात सगळी एकत्र केली. आपल्या मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या काळातलं 1827 चं रेग्युलेशन बघा, त्यात क्रमच लावलाय: आधी सरकारी कायदा, तो नसेल तर मुलखाची वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि यातलं काहीच सापडलं नाही तर न्याय, समन्याय आणि सदसद्विवेकबुद्धी. म्हणजे शेवटचा नंबर. कायद्यानं निम्मं म्हटलंय तिथं पंचाच्या सदसद्विवेकाला कोण विचारतंय.

भावासाठी जागा आहे ती दुसरीकडं. कुठला तुकडा कुणाला द्यायचा हे ठरवताना कोर्ट बघतं की कोण वापरतोय, कुणी बांधलंय, शक्यतो तो भाग त्याच्याकडंच ठेवतात आणि दुसऱ्याला पैशात भरपाई. मिळकत तुकडे करण्यासारखी नसेल आणि निम्म्याचा वाटेकरी म्हणाला विकून टाका, तर 1893 च्या वाटणी कायद्यात दुसऱ्याला कोर्टानं ठरवलेल्या किमतीत तो हिस्सा विकत घेता येतो. वारसा कायद्याचं कलम 22 पण आहे, बहीण आपला हिस्सा बाहेरच्याला द्यायला निघाली तर आधी भावाचा हक्क. कारखाना त्याच्या हातातून जाऊ नये याची सोय आहे, तिचे टक्के कमी करायची नाही.

अक्कलकोट रोडवाला:
टक्के कमी करा असं मी म्हणतच नाहीये. पगार हे देणं आहे, सूतवाल्यासारखंच.

कोर्टाची पायरी:
सूतवाल्याकडं बिल असतं. भावाकडं काय आहे? 1932 चा भागीदारी कायदा घ्या, हे दोघं भागीदार नाहीत पण कायदा कसा विचार करतो ते कळेल. त्यात कलम 13 म्हणतं वेगळा करार नसेल तर धंदा चालवल्याबद्दल भागीदाराला मेहनताना नाही. पण त्याच भागीदारानं आपल्या भांडवलापेक्षा जास्त पैसे घातले तर 6 टक्के व्याज मिळतं. मला स्वतःला हे पटत नाही, पैसा झोपून राहिला तरी त्याला व्याज आणि पहाटे उठून शेड उघडणाऱ्याला काही नाही. पण लिहिलंय तसं.

बॅलन्सशीट बहाद्दर:
पंचसाहेब, तुमची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे पण तारीख चुकली. 34 लाखाचं कर्ज कुणी काढलं आणि कधी? काकांच्या वेळचं असेल तर दोघांच्या माथी. नंतर भावानं काढलं असेल तर ते कशाला वापरलं ते दाखवा. नवीन रॅपिअर माग घेतले असतील तर ते माग पण त्याचे आणि कर्ज पण त्याचं. जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला असेल सीसीच्या पैशातनं, तर बहिणीच्या वाट्यातनं ते कर्ज कापणं म्हणजे कहर आहे. तेव्हा ताळेबंद दोन काढा, एक काका गेले त्या दिवशीचा, एक आजचा. पहिल्यातलं जे उरेल ते निम्मं-निम्मं. मधल्या नऊ वर्षांत जी वाढ झाली ती कशामुळं झाली ते वेगवेगळं करा. मागाची किंमत वाढत नाही, घटते. वाढलाय तो प्लॉटचा भाव, आणि त्यात ना भावाचा घाम आहे ना बहिणीचा, ती वाढ सरळ निम्मी. एमआयडीसीचा प्लॉट 95 वर्षांच्या लीजवर असतो हे पण ध्यानात ठेवा, उरलेली वर्षं आणि नावावर करायचा खर्च बघूनच किंमत लावतात, 90 कुठनं आलं मला कळेना.

आणि पगार द्यायचा तर जरूर द्या, मी कायद्यापेक्षा तुमच्या बाजूचा आहे यात. पण मग नऊ वर्षं घरखर्च गल्ल्यातनं गेला, गाडीचे हप्ते गेले, पोरांच्या फिया गेल्या, ती उचल पगारातनं वजा करा. माझा अंदाज आहे की 21 लाख 60 हजारातलं फार काही शिल्लक राहणार नाही.

कडक भाकरी:
म्हणजे खाल्लेली भाकरी पण मोजणार का आता?

बॅलन्सशीट बहाद्दर:
पगार मोजायचा म्हटल्यावर भाकरी मोजावी लागते. नाहीतर दोन्ही सोडून द्या.

उजनीचं टेलएंड:
सगळे हक्क आणि घाम यातच अडकलात. गरज कुणाला किती ते पण बघा की. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत केली तेव्हा पाणी जमिनीच्या एकरावर वाटलंच नाही, माणशी अर्ध्या एकराचं, घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं, भूमिहीनाला पण हिस्सा आणि उसाला पाणी नाही. समन्यायी वाटप म्हणतात ते हे. बहिणीचा नवरा आयटीत आहे, भावाचं पोट या कारखान्यावर आहे, पाच-पंचवीस कामगारांचं पण. 19 लाख एका दमात काढले तर माग बंद पडतील.

पूर्वभागातली अक्का:
नवऱ्याला पगार आहे म्हणून बापाच्या घरातलं सोडायचं? तो पगार नवऱ्याचा आहे. आणि उद्या त्याची नोकरी गेली तर परत वाटणी करणार का गरज बघून? पाण्याचं वेगळं, ते दरवर्षी येतं. (सोलापुरात बसून उसाला पाणी नाही म्हणालात, धाडस आहे.) एका दमात देणं जमत नसेल तर हप्ते बांधा, व्याज लावा, ते 6 टक्केच लावा. कामगारांची काळजी हे हप्त्यांचं कारण आहे, वाटा कमी करायचं नाही.

कोर्टाची पायरी:
हप्त्यांना माझा पाठिंबा, फक्त नोंदणीकृत कागद करा आणि हक्कसोडपत्रावर सही शेवटचा हप्ता मिळाल्यावर. आधी सही घेऊन नंतर हप्ते लटकलेले लई बघितलेत. अजून एक, इक्विटी मागायला येणाऱ्याचे हात स्वच्छ पाहिजेत असा जुना दंडक आहे. भाऊ वह्या दाखवायला तयार आहे का?

अक्कलकोट रोडवाला:
पक्क्या वह्या दाखवतो म्हणतो. कच्च्या वहीचं नाव काढलं की उठून चहा सांगायला जातो. बॅलन्सशीटवाल्यांचं दोन ताळेबंदांचं मी धरतो, पगारातून उचल वजा करायची हे पण मांडणार आहे, त्याला आवडणार नाही. तरी पगार शून्य हे मला मान्य नाही, कायदा काहीही म्हणो, घरातल्या वाटणीत दोघांनी मान्य केलं तर देता येतोच ना. विड्यांचं मात्र मी बोलणार, पण त्याची रक्कम लावणं मला जमेल असं वाटत नाही. आता पहिलं काम व्हॅल्युअर. भावाच्या ओळखीचा एक आहे, बहीण म्हणते माझ्या ओळखीचा पाहिजे, तर दोघांनाही बोलावतोय, फी कारखान्याच्या खात्यातून द्यायची.

पूर्वभागातली अक्का:
कारखान्याच्या खात्यातनं म्हणजे निम्मी फी तिची. तिला विचारलंत का?