मदत हवी आहे: ऑफिसचे कॉम्प्युटर रात्री बंद करावेत की चालू ठेवावेत?

आमच्या कर सल्लागार ऑफिसात दहा डेस्कटॉप आहेत. सगळे विंडोज ११, एसएसडीवाले. रात्री चालूच राहतात, कारण नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या सामायिक स्टोरेजवर) घेतला जाणारा बॅकअप अकराला सुरू होतो. नुसत्या बसून असलेल्या एका मशीनला ५० वॉट धरले तरी १४ तासांत दहा मशीनचे ७ युनिट होतात, तेही रोज. त्याहून मोठी काळजी विजेची. पावसाळ्यात रात्री लाइट जाते, यूपीएस थोडा वेळ तग धरतो आणि मग सगळं धाडकन बंद. उघड्या राहिलेल्या टॅलीच्या डेटाला हे फार धोक्याचं वाटतं.

स्लीप लावून पाहिलं, पण यूपीएस संपला की तेही गेलंच. हायबरनेटमध्ये (उघडं काम डिस्कवर साठवून मशीन बंद होतं) बॅकअपच्या वेळी मशीन जागी होत नाहीत. बायोसमधून (मदरबोर्डच्या सेटिंगमधून) ठरावीक वेळी सुरू करायची सोय काहींतच आहे. वेगळा सर्व्हर नाही, नवीन हार्डवेअरला सध्या बजेटही नाही. घरून कोणी रिमोटने काम करत नाही.

बॅकअप संध्याकाळी सातला सुरू करायचा आणि तो पूर्ण झाल्यावरच मशीन आपोआप शटडाउन व्हायचं, हे टास्क शेड्युलरने (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या विंडोजमधल्या सोयीने) कोणी बसवलंय का? बॅकअप अर्धवट राहिला तर शटडाउन कसं रोखता?