‘चार्ज करू नये’ म्हणजे नक्की काय?

*सोसायटीचा ग्रुप, रविवार*

नेहा, बी-३०४ (सकाळी ८:१२): लिफ्टपाशी नवीन नोटीस लागलीय. जशीच्या तशी देते: ‘पार्किंगमध्ये चार्ज करू नये. केल्यास चार्ज लागेल. अधिक माहितीसाठी इन्चार्जला भेटावे.’ सेक्रेटरीसाहेब, हे माझ्या स्कूटरबद्दल आहे ना? मग सरळ नाव घ्या की.

पाटील, सेक्रेटरी: नमस्कार. नोटीस सर्व सभासदांसाठी आहे. कोणावरही वैयक्तिक रोख नाही 🙏

नेहा: दोन्ही विंग मिळून इलेक्ट्रिक गाडी एकच आहे. माझी.

देशमुख, ए-२०१: ‘चार्ज करू नये’ यात मेंटेनन्सचे चार्जेस पण धरायचे का? मग मी या महिन्यापासून भरत नाही 😄

गोखले, ए-६०२: फ्लॅट भाड्याने दिल्यावर लागणारे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. शासन आदेश, १ ऑगस्ट २००१. माझ्याकडून जास्त घेतले गेले आहेत. उत्तर अपेक्षित.

पाटील, सेक्रेटरी: काका, तो विषय वेगळा आहे.

गोखले: विषय चार्जचाच आहे.

नेहा: आणि हा इन्चार्ज कोण? खजिनदारांना विचारलं तर म्हणाले माझ्याकडे चार्ज नाही. वॉचमन म्हणाला साहेबांना विचारा. साहेब कोण, त्यालाही माहीत नाही.

कदम तात्या, ए-१०३: मी तीस वर्षं महसुलात काढली. आमच्याकडे चार्ज दोनच. बदली झाली की कपाटाच्या किल्ल्या मोजून द्यायचा तो एक. दुसरा बँकेचा. तो सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ‘बोजा’ म्हणून चढतो. कर्ज फिटलं तरी बोजा उतरवायला माणूस हेलपाटे घालतो.

देशमुख: तिसरा राहिला तात्या, लाठीचार्ज. मागच्या जनरल बॉडीत थोडक्यात वाचलो.

पाटील, सेक्रेटरी: कृपया जुने विषय नकोत.

जोशीबाई, बी-१०१: तात्यांनी बरोबर शब्द काढला. चार्जचं मूळ बोजातच आहे. लॅटिनमध्ये कारूस म्हणजे मालगाडा. त्यावरून गाड्यात माल भरणं, लादणं, ते चार्ज. ‘कार’ आणि ‘कार्गो’ ही त्याच घरातली भावंडं. पुढे बंदुकीत दारू ठासली तोही चार्ज. १७४५-४६ च्या सुमारास लायडन बरणी निघाली, तिच्यात वीज ‘भरू’ लागले, त्यालाही हाच शब्द चिकटला. माणसावर काम लादलं, आरोप लादला, पैसे लादले, सगळीकडे चार्ज.

नेहा: म्हणजे कार आणि चार्ज भावंडं, आणि आमच्या पार्किंगमध्ये त्यांना भेटायची बंदी. छान.

कदम तात्या: मग आपले मराठी शब्द काय वाईट? कार्यभार, पदभार. सगळे भारच.

जोशीबाई: नातवाच्या विज्ञानाच्या पुस्तकात विद्युतप्रभार आहे, तोही भारच. फक्त महावितरणच्या बिलात स्थिर आकार, वहन आकार. तिथे मला अजून गोल आणि चौकोन दिसतात.

गोखले: वरील मुद्द्याचे उत्तर आलेले नाही. १० टक्के. १ ऑगस्ट २००१.

सावंत, बी-४०२: पण फुकट वीज का? सोसायटीच्या मीटरवर गाडी चालते आणि बोजा आमच्यावर. तात्यांचाच शब्द वापरतो.

नेहा: सावंतकाका, मार्चपासून सब-मीटर आहे. फोटो तेव्हाच टाकला होता. एका वेळी दीड-दोन युनिट. पैसे महिन्याच्या महिन्याला देते, पावत्या आहेत. तुमच्या पाहुण्यांच्या गाड्या आठ-आठ दिवस माझ्या जागेवर असतात, त्याचा चार्ज कोण लावतं?

सावंत: पाहुण्यांवर जायचं काम नाही.

जोशीबाई: भांडू नका रे. २५ ऑक्टोबर १८५४, क्रिमियातली बालाक्लावाची लढाई. हुकुमात कोणत्या तोफा ते नीट लिहिलं नव्हतं. सहाशेवर ब्रिटिश घोडेस्वार भलत्याच तोफखान्यावर चार्ज करून गेले आणि त्यातले कित्येक कापले गेले.

देशमुख: सेक्रेटरीसाहेब, नोटीस लिहिताना घोडे सांभाळा 🐎

पाटील, सेक्रेटरी: खरं सांगू का? सब-मीटर, पैसे, यातलं माझं काहीच म्हणणं नाही. वायर वॉचमनच्या केबिनमधल्या बोर्डावरून येते. ५ अँपिअरचा सॉकेट. खिडकीच्या गजाला दोरीने बांधलेली, जोडावर काळी टेप. शुक्रवारी रात्री मी स्वतः पिन काढली तर हाताला चटका बसला. सॉकेटची कड पिवळी पडलीय. बाजूला वॉचमनची गादी. मला झोप लागली नाही म्हणून घाईत नोटीस लिहिली.

नेहा: हे मला फोनवर सांगितलं असतं तर?

पाटील, सेक्रेटरी: तुम्ही चिडाल म्हणून.

नेहा: …

जोशीबाई: हे लावा: ‘केबिनमधल्या सॉकेटवर गाडीची बॅटरी लावू नये, सॉकेट तापतो. १५ अँपिअरचा वेगळा पॉइंट निघेपर्यंत थांबावे. चौकशी: पाटील, सेक्रेटरी.’ एकदाही चार्ज नाही.

सावंत: पॉइंटचा खर्च कोणाकडून?

नेहा: माझ्याकडून. निम्मा. मी आज इलेक्ट्रिशियनला बोलावते. तोवर बॅटरी काढून घरात लावते. अकरा किलोची आहे, पण लिफ्ट आहे म्हणून चालेल.

गोखले: शासन आदेश, १ ऑगस्ट २००१. तिसऱ्यांदा विचारत आहे.

पाटील, सेक्रेटरी: काका, हिशेब काढून संध्याकाळी घरी येतो. नक्की. नेहाताई, एक राहिलं. बी विंगची लिफ्ट आज सर्व्हिसिंगसाठी ११ ते ४ बंद आहे. नोटीस लावायची राहिली.