मदत हवी आहे: 'मोरपंखी' म्हणून आणलेल्या झाडाची नक्षीदार पानं करपत आहेत (जळगाव)

नमस्कार. फेब्रुवारीत इथल्या एका नर्सरीतून एक कुंडी आणली. फिकट पोपटी पान, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना गडद हिरवे लांबट ठिपके, एक मोठा एक लहान असे ओळीने, आणि पान उलटवलं की खालून वांगी रंग. नर्सरीवाल्या दादांनी नाव सांगितलं मोरपंखी. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई खाटेवरच आहे, तिच्या खिडकीशी ठेवायला घेतलं. दिवेलागणीला पानं हळूहळू उभी होऊन मिटायची, सकाळी पुन्हा पसरायची. आई रोज हाक मारून सांगायची, "निजलं गं झाड."

मार्चमध्ये 'मोरपंखीची काळजी' असं नेटवर शोधलं. सगळीकडे तेच, भरपूर ऊन द्या. म्हणून कुंडी गॅलरीत हलवली. आठ दिवसांत कडा तपकिरी पडल्या आणि वाळक्या कागदासारख्या कुरकुरायला लागल्या. परत आत आणली, पण आता मे आहे, पारा ४४ च्या पुढे. दिवसभर कूलर चालू असतो. पानं विडीसारखी गुंडाळून बसलीत, संध्याकाळी हलतसुद्धा नाहीत. पाणी रोज घालते, बोअरचंच. बादलीला पांढरा खार धरतो तेच. त्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, अशी चित्रांची पानं विषारी असतात. घरात दीड वर्षाची मुलगी आहे.

हे झाड मोरपंखीच आहे का? आणि वाचेल का? आई रोज विचारते, मला उत्तर देता येत नाही.

प्रतिसाद, धुळे

ताई, घोटाळा नावाचा आहे. आपल्याकडे मोरपंखी म्हणतात ते थुजा. खवल्यांसारख्या बारीक पानांचं, ज्याची फांदी आपण लहानपणी 'विद्या' म्हणून वहीत ठेवायचो. त्याला ऊन लागतं. तुमचं वर्णन कॅलेथिया मकोयानाचं आहे. इंग्रजीत त्याला पीकॉक प्लांट म्हणतात, त्याचंच कुणीतरी मोरपंखी केलं. हे मूळचं ब्राझीलच्या दमट जंगलातलं, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं. २०१२ साली अभ्यासकांनी ते गोपर्टिया या वंशात हलवलं, पण नर्सरीत कॅलेथिया म्हणूनच मागा.

काकूंची भीती डिफेनबाकिया आणि कॅलेडियमच्या बाबतीत खरी आहे. ती अळूच्या कुळातली, पानात ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून तोंड आणि घसा जळजळतो. कॅलेथिया विषारी नाही. मुलीला पानं खाऊ द्यायची नाहीत हे आलंच, पण कुंडी घराबाहेर काढायची गरज नाही.

प्रतिसाद, रावेर

आमची केळीची बाग आहे, म्हणून हे वाचताना राहवलं नाही. कॅलेथिया केळीच्याच गणातलं, आलं, हळद, कर्दळ हीसुद्धा त्यातलीच. नवं पान बघा, केळीसारखंच पोंग्यातून सुरळी होऊन निघतं. मे महिन्यातल्या झळांनी केळीची पानं फाटतात, कडा जळतात, म्हणून आम्ही बागेच्या कडेने शेवरी नाहीतर गजराज गवत लावतो. तुमच्या कुंडीलाही तोच आडोसा हवा.

आधी कूलरच्या थेट झोतातून काढा. खोलीत कूलरचा ओलावा असणं चांगलंच, पण झोत अंगावर नको. खिडकीला पातळ पडदा लावा. ऊन पानावर पडता कामा नये, उजेड मात्र हवा. बोअरचं पाणी आजच बंद करा. त्यातले क्षार कुंडीत साठतात आणि पानांच्या कडेला येऊन जाळतात. आरओचं शुद्ध पाणी वापरा (बाहेर टाकायचं येतं ते नव्हे, त्यात क्षार जास्त असतात), जूनपासून पावसाचं भरून ठेवा. एकदा हेच चांगलं पाणी भरपूर ओतून कुंडीखालून वाहू द्या, खार धुऊन निघेल. नंतर रोज नको, वरची माती बोटाला कोरडी लागली की घाला.

कुंडीत काळी माती असेल तर तीही बदलावी लागेल. ती पाणी धरून बसते आणि मुळं कुजवते. पावसाळा लागला की कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पालापाचोळ्याचं खत आणि थोडी जाड वाळू असं मिश्रण करा. आत्ता उन्हात मुळं हलवू नका. खतही नको. पानाखाली बारीक जाळं दिसतंय का तेवढं बघा, कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड येते. दिसली तर ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसा, तीन-चार दिवसांनी पुन्हा.

पान मिटण्याचं काम देठ आणि पात्याच्या सांध्यातली फुगीर गाठ करते. तिच्यातल्या पेशींत पाणी भरतं, उतरतं, त्यावर पान वर-खाली होतं. तहानलेलं, करपलेलं पान ते करू शकत नाही. रात्री उशिरापर्यंत कुंडीवर ट्यूबलाइट असेल तर तोही टाळा.

जमिनीतला कंद दाबून बघा. टणक असेल तर झाड जिवंत आहे.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आत्ताच माती बाजूला करून पाहिलं, कंद टणक आहे. आईला लगेच सांगितलं. कुंडी तिच्या डोक्याशी, कूलरपासून लांब ठेवली आहे. एकच विचारायचं राहिलं, करपलेली पानं देठापासून कापू का?

प्रतिसाद, रावेर

कड तेवढीच गेली असेल तर कात्रीने पानाच्या आकारात कातरा. निम्म्याहून जास्त गेलेलं पान देठासकट काढा. जळालेला भाग परत हिरवा होत नाही. पण सगळी एकदम काढू नका ताई, नवा पोंगा निघेपर्यंत दोन-तीन पानं राहू द्या, भले वेडीवाकडी का असेनात.