गाळणे, निवडणे की वगळणे?

प्रश्न (सोलापूर, जुळे सोलापूर): लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कोसळला की मागे उरणारी व्हीएमकोर फाइल (त्या क्षणीच्या मेमरीची प्रत) 'क्रॅश' या टूलमध्ये उघडतात. त्यावर मराठीत टिपण लिहितोय, एका वाक्यावर अडलोय. एआरएम प्रोसेसरच्या ६४-बिट कर्नलमध्ये असेंब्लर (यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) डॉलर-एक्स, डॉलर-डी अशा खुणा सिम्बॉलच्या (मेमरीतल्या पत्त्यांना दिलेल्या नावांच्या) यादीत टाकतो. पत्त्यावरून नाव काढताना टूल त्याच्या लगेच अलीकडचं नाव उचलतं. मध्येच डॉलर-एक्स बसलं असेल, तर बॅकट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शननं कोणतं बोलावलं, त्या यादीत) फंक्शनच्या जागी 'डॉलर-एक्स अधिक १२' येणार; मग बसा शोधत! म्हणून या खुणा आधीच बाजूला काढाव्या लागतात. मी लिहिलं, "निरुपयोगी चिन्हे गाळली जातात." बायको म्हणाली, हे 'गाळलेल्या जागा भरा'सारखं वाटतंय.

— वहिनींचं बरोबर आहे. त्यात चहा गाळला की खाली येतो तो चहा, वर राहतो तो चोथा. पीठ चाळलं तरी तसंच, कोंडा वर. 'गाळलेली नावे' म्हणजे हातात आलेली की फेकलेली?

— मग 'निवडणे' घ्या की. आमची आई मंगळवेढ्याची ज्वारी आधी सुपात पाखडते, फोल पुढे उडून जातं. मग ताटात पसरून खडे एकेक करून बोटानं बाजूला सारते. टूलही एकेक नाव तपासूनच बाजूला करतं, पाखडत नाही.

— चित्र झकास, पण शब्द दुतोंडी. ज्वारी निवडताना खडे जातात, उमेदवार निवडला की तो राहतो. सरळ 'वगळणे' लिहा. आणि 'निरुपयोगी' तर नकोच. कुठून सूचना सुरू आणि कुठून डेटा, हे डिसअसेंब्लरला (यंत्रभाषा वाचता येईल अशी करणाऱ्या प्रोग्रामला) त्याच खुणा सांगतात. 'गैरलागू' म्हणा: वस्तू कामाची, इथे लागू नाही एवढंच.

— 'चिन्हे'सुद्धा खटकतं. वाचणारा अधिक-उणे शोधत बसेल. सिम्बॉल म्हणजे इथे पत्त्याला दिलेलं नाव. शिवाय 'कर्नल कोसळला' वाचून मला आधी लष्करातले साहेबच दिसले.

प्रश्नकर्ता: "पत्त्यावरून नाव शोधताना गैरलागू नावे वगळली जातात." बायकोनं पास केलं. साहेबांना वाचवायला 'कर्नेल' केलंय.