'प्रकाशनगरी' फक्त पॅरिसच नाही

पॅरिसला 'प्रकाशनगरी' म्हणतात आणि त्याचं श्रेय कधी कधी विजेला दिलं जातं. ते नाव पडलं तेव्हा तिथे रस्त्यांवर गॅसचे दिवे होते, विजेचा त्यात फारसा हात नाही.

विजेमुळेच 'प्रकाशनगरी' हे टोपणनाव मिळालेलं गाव हवं असेल तर अमेरिकेतलं बफेलो घ्या. नोव्हेंबर १८९६मध्ये, ऐन मध्यरात्री, नायगाराच्या धबधब्यावर तयार झालेली वीज जवळपास ४० किलोमीटरवरच्या या शहरात पोचली आणि आधी ट्राम कंपनीला मिळाली. १९०१च्या पॅन-अमेरिकन प्रदर्शनात तर त्यांनी कमालच केली. सुमारे ३९० फुटी 'इलेक्ट्रिक टॉवर' आणि इमारतींवर हजारो बल्ब. संध्याकाळी ते दिवे एकदम लागत नसत. आधी मंद लालसर, मग हळूहळू उजळत जायचे. लोक रोज त्या क्षणासाठी थांबून राहत.

आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा: त्याच प्रदर्शनात राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांना गोळ्या लागल्या, तर तिथल्या छोट्या दवाखान्यात शस्त्रक्रियेपुरता धड उजेड नव्हता. आरशाने मावळतीचं ऊन आत वळवावं लागलं! आठ दिवसांनी ते गेले.

पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटनही 'इलेक्ट्रिक सिटी' म्हणवतं, १८८६मध्ये सुरू झालेल्या विजेच्या ट्रामवरून. गाव खरं कोळशाच्या खाणींचं होतं, पण तिथल्या एका इमारतीच्या माथ्यावर हे टोपणनाव दिव्यांच्या अक्षरांत झळकतं.