आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे ऑपरेशन झालंय, पोटावर पिशवी आहे. उन्हाळा कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही रावेर तालुक्यातले, केळीवाले. आबांना (वडील, वय 68) हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा जुना त्रास. हृदयातली रक्ताची गाठ सुटून लहान आतड्याच्या मुख्य रोहिणीत अडकली. वेदना असह्य, पण हात लावला तर पोट मऊ. जळगावच्या सर्जननी त्यावरूनच ओळखलं, लगेच सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) केली आणि रात्रीच ऑपरेशनला घेतलं. (ठोक्यांचा त्रास असलेल्या माणसाचं पोट अचानक असं दुखलं तर गॅस म्हणून घरी थांबू नका. काही तासांत आतडं मरतं.)

गाठ काढली, काळं पडलेलं आतडं कापलं. उरलेलं जगतंय का ते बघायला दुसऱ्या दिवशी पोट परत उघडलं, तेव्हा आणखी एक तुकडा गेला. आता लहान आतडं जेमतेम दीड मीटर उरलंय, त्याचं तोंड पोटावर काढलंय.

आबा घरी आलेत, पण पिशवीत रोज दीड-दोन लिटर पातळ पडतं. साधं पाणी जास्त प्यायलं की ते आणखी वाढतं, म्हणून डॉक्टरांनी पाणी मोजून आणि ओआरएस घोटाघोटानं द्यायला सांगितलंय. जेवणाआधी लोपेरामाइड (आतड्याची हालचाल मंदावणारी गोळी) चालू आहे. पण आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, मे महिन्यात पारा 44-45 वर. आबा माठाकडे बघत बसतात आणि नाही म्हणताना माझा जीव तुटतो. पाहुणे प्रेमानं उसाचा रस आणतात, तो गोड असल्यानं उलट त्रास वाढवतो.

ज्यांच्या घरी अशी पिशवी होती त्यांनी उन्हाळ्यात तहान कशी भागवली? मीठ घातलेलं ताक सोसलं का? घामानं पिशवीची कातडीला चिकटवलेली चकती सुटते आणि भोवतालची कातडी सोलवटते, त्यावर काय लावलंत? पिशवी बंद करून आतडं परत जोडायला तुमच्याकडे किती महिने थांबवलं?

परत गाठ होऊ नये म्हणून वॉरफेरीन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) 2 ते 3 मध्ये ठेवायचाय. सावदा-भुसावळकडे ही तपासणी भरवशाची कुठे होते? दर वेळी आबांना जळगावपर्यंत गाडीत बसवणं फार जड जातं.

आणखी माहिती लागली तर विचारा, फाईल बघून आकडे टाकतो.